क्रमसापेक्ष अवकाशकाल : स्नायडर ते अष्टेकर

३ गुणिले ५ आणि ५ गुणिले ३ यांचे उत्तर एकच येते. या गुणधर्मास महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तके ‘क्रमनिरपेक्षता’ म्हणतात. पांढुर्णा-सौंसरचा विद्यार्थी घरी मराठी बोलतो, पण शाळेत हिंदीतील ‘क्रमविनिमेय’ शिकतो. भाषेचा अध्यापक म्हणून मला मराठी शब्द अधिक बोलका वाटतो. हा गुणधर्म खुद्द अवकाशातच मोडत असेल तर काय, या प्रश्नाचा इतिहास येथे थोडक्यात पाहू.

स्थान व संवेग यांच्या गुणाकारात क्रमाला महत्त्व आहे, हे १९२५ साली हायझेनबर्ग यांच्या कार्यातून पुढे आले. क्वांटम सिद्धांतात वारंवार येणारी अनंत उत्तरे टाळण्यासाठी १९३० मध्ये त्यांनी सुचविले की, स्थानाचे निर्देशांकही परस्परांशी क्रमनिरपेक्ष नसावेत. ही कल्पना पत्राने पायर्ल्स यांच्याकडे, तेथून पाउली, पाउलींकडून ओपनहायमर आणि अखेर त्यांचे शिष्य हार्टलंड स्नायडर यांच्यापर्यंत पोहोचली. उस्ताद-शागिर्दांचा सिलसिलाच म्हणा ना!

स्नायडर यांचा निबंध १९४७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. त्याची भूमिती समजण्यास वर्गातील पृथ्वीगोल पुरेसा आहे. पांढुर्ण्याहून १००० कि.मी. उत्तरेस व मग अक्षवृत्तावरून १००० कि.मी. पूर्वेस जा; नंतर हाच प्रवास उलट क्रमाने करा. दोन मुक्कामांत सत्तर कि.मी.हून अधिक अंतर पडेल, कारण पृष्ठ वक्र आहे. स्नायडर यांनी संवेगांचा अवकाश असाच वक्र मानला. त्यावरील सरकणे म्हणजेच स्थानाचे निर्देशांक. म्हणून तेही क्रमसापेक्ष ठरले. विशेष म्हणजे लघुतम लांबी स्वीकारूनही सापेक्षतेचे नियम अबाधित राहिले.

तथापि त्याच सुमारास श्विंगर, फाइनमन व तोमोनागा यांनी अनंत उत्तरांवर दुसरा उपाय यशस्वी केला आणि हा निबंध मागे पडला. पुढे ॲलन कॉन यांच्या गणिताने आणि १९९९ मधील सायबर्ग-विटन यांच्या निबंधाने या विषयाला पुन्हा चालना मिळाली.

शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांचा मार्ग वेगळा होता. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली. १९९८ मध्ये कोरिची व झपाटा यांच्यासह त्यांनी दाखविले की, परस्परांना छेदणाऱ्या पृष्ठांची क्षेत्रफळे क्रमनिरपेक्ष नसतात. स्नायडर यांनी क्रमसापेक्षता रचनेत प्रारंभीच घातली होती. येथे ती गणितातून आपोआप बाहेर आली. माझ्या मते हा फरक मोलाचा आहे. मात्र प्लांक लांबी, म्हणजे सुमारे १.६ × १०⁻³⁵ मीटर, इतक्या सूक्ष्म अंतरापर्यंत अद्याप कोणताही प्रयोग पोहोचलेला नाही.