कमरेची गादी पुन्हा सरकली? ऑपरेशनशिवाय उपचार कसे करावेत

एकदा कमरेची गादी सरकली, औषधे आणि व्यायामाने बरे वाटले, आणि वर्षा-दोन वर्षांनी तीच कळ पुन्हा कमरेतून पायात उतरू लागली, की रुग्ण आणि घरचे सगळेच घाबरतात. ‘दुसऱ्यांदा झाले म्हणजे आता ऑपरेशनच’ असे ओळखीचे लोक सांगू लागतात. त्रास पुन्हा झाला, एवढ्याच कारणाने ऑपरेशन करावे लागत नाही. पायात ताकद किती आहे, लघवी-शौचावर ताबा आहे का आणि दुखणे आठवड्यागणिक वाढते आहे की कमी होते आहे, या तीन गोष्टींवर निर्णय अवलंबून असतो.

गादी सरकते म्हणजे काय होते?

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिच्या बाहेरच्या बाजूला चिवट तंतूंचे कडे आणि आत जेलीसारखा मऊ गर असतो. कड्याला चीर पडली की हा गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर दाब देतो. गरातील रसायनांमुळे नसेला सूजही येते. म्हणून अनेकदा कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो, मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. यालाच आपण सायटिका म्हणतो. बहुतेक वेळा हा त्रास कमरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांमध्ये होतो.

‘सरकली’ हा शब्द रूढ असला तरी गादी जागेवरून घसरत नाही. त्यामुळे ती दाबून किंवा झटका देऊन कोणालाही ‘बसवता’ येत नाही. पाठीवर पाय देणे, कंबर मोडून घेणे असे प्रकार करू नका. दबलेल्या नसेला त्यामुळे इजा होऊ शकते.

बाहेर आलेला गर आपले शरीर हळूहळू शोषून घेते. ऑपरेशन न केलेल्या रुग्णांचे एमआरआय काही काळाने पुन्हा काढून पाहिले, तेव्हा साधारण तीनपैकी दोघांमध्ये हा गर आकसलेला आढळला. मोठा किंवा तुटून सुटा झालेला तुकडा तर जास्त वेळा आकसतो. म्हणून रिपोर्टमध्ये ‘मोठी गादी बाहेर आली आहे’ असे वाचून धीर सोडू नका.

पुन्हा का होते?

गादीला रक्तपुरवठा फारच कमी असतो. त्यामुळे चीर सावकाश भरते आणि भरलेली जागा मूळच्या कड्याइतकी मजबूत नसते. दुखणे थांबते, आपण व्यायाम सोडतो आणि पुन्हा जुन्या सवयींवर येतो. तासन्‌तास बसून काम, वाढलेले वजन, तंबाखू-सिगारेट, वाकून आणि कंबर पिळून जड वस्तू उचलणे यांमुळे धोका वाढतो. काही जणांच्या गाद्या आनुवंशिकतेने लवकर झिजतात.

मात्र प्रत्येक वेळचे कंबरदुखी गादीमुळेच असते असे नाही. कळ फक्त कमरेत असेल आणि पायात उतरत नसेल, तर बऱ्याचदा ती साधी उसण असते आणि काही दिवसांत जाते.

ही लक्षणे असतील तर घरी थांबू नका

खालीलपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा:

• लघवी अडणे, लघवी झाल्याचे न कळणे किंवा शौचावरचा ताबा जाणे
• जननेंद्रियाभोवती, गुदद्वाराभोवती किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा
• दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा
• पाऊल लुळे पडणे, चप्पल पायातून निसटणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे

पहिल्या तीन लक्षणांत मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दबलेला असू शकतो. तेव्हा तातडीने ऑपरेशन करावे लागते आणि उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा राहू शकतो. ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तरीही लवकर डॉक्टरांना दाखवा.

एमआरआय पुन्हा काढायचा का?

आधी तपासणी करून घ्या. डॉक्टर तुम्हाला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगतील, पायाच्या अंगठ्याची ताकद पाहतील आणि झोपवून पाय सरळ वर उचलतील. कोणती नस दबली आहे याचा बराच अंदाज यातून येतो. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असतील, सहा आठवड्यांतही उतार पडला नसेल किंवा इंजेक्शन अथवा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तेव्हा एमआरआयचा खरा उपयोग होतो.

एमआरआयमध्ये दिसणारी प्रत्येक गोष्ट आजार नसते. ज्यांची कंबर दुखत नाही अशा लोकांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली दिसली, आणि त्यांना कसलाही त्रास नव्हता. रिपोर्ट आणि तुमची लक्षणे जुळतात का, हे पाहणे महत्त्वाचे.

पहिले दोन आठवडे

दुखणे फारच असेल तर एक-दोन दिवस आडवे पडायला हरकत नाही. महिनाभर अंथरूण धरून राहू नका. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायटिकाच्या अभ्यासात दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेणाऱ्यांना, शक्य तेवढी हालचाल करणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील ८७ टक्के लोकांना बरे वाटत होते.

• उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्या. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्या.
• घरातल्या घरात ५-१० मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा चाला.
• सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. काही दिवस जमिनीवर बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय आणि दुचाकी टाळा.
• शेकल्याने बरे वाटत असेल तर शेका. बधिर भागावर गरम पिशवी ठेवू नका, भाजल्याचे कळणार नाही.

औषधे, पट्टा, ट्रॅक्शन, इंजेक्शन

सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात. पण रक्तदाब, मधुमेह, किडनी, हृदयविकार किंवा अल्सर असेल तर त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. मेडिकलमधून मिळणारी सुट्या गोळ्यांची पुडी तर अजिबात नको. तिच्यात कोणते औषध आहे हे तुम्हाला कळत नाही.

नसेच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन सर्रास दिले जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायटिकाच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. तुम्हाला ते चालू असेल तर अचानक बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन यांनी सायटिका बरी होते असा चांगला पुरावा नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन्ही देऊ नयेत असे सांगितले आहे. पट्टा रोज दिवसभर बांधण्याची सवय लावून घेऊ नका.

पायातील कळ असह्य असेल तर नसेजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याचा आराम काही आठवड्यांपुरता असतो. त्याने गादी दुरुस्त होत नाही, पण झोप लागते आणि व्यायाम सुरू करता येतो.

व्यायाम कसा वाढवावा?

फिजिओथेरपिस्टकडून तुमच्यासाठी योग्य व्यायाम ठरवून घ्या. एकाला पालथे झोपून छाती उचलल्याने आराम पडतो, दुसऱ्याला त्यानेच कळ वाढते. एक खूण लक्षात ठेवा. पोटरीतली कळ मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत वर सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सुधारणेचे लक्षण आहे. कळ पायात आणखी खाली उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा.

सुरुवातीचे काही आठवडे पुढे वाकण्याची आसने आणि सूर्यनमस्कार टाळा. दुखणे ओसरल्यावर पोट, पाठ आणि नितंबांचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम सुरू करा आणि बरे वाटल्यावरही सोडू नका.

तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून

ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून बरे झालेल्या ७०१ लोकांवरील अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने हळूहळू चालणे वाढवलेल्यांना दुखणे परत यायला मध्यमान २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२ दिवस. हे सर्वच जण गादीचे रुग्ण नव्हते, तरीही चालण्याला खर्च नाही आणि धोकाही कमी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत सावकाश पोहोचा.

भरलेला घरगुती गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो. तो उचलू नका, दोघांनी मिळून सरकवा. पाण्याची बादली अर्धीच भरा. काहीही उचलताना गुडघे वाकवा, वस्तू अंगाजवळ धरा आणि वळायचे असेल तर पाय वळवा. तंबाखू आणि सिगारेट सोडा.

ऑपरेशनचा विचार कधी?

धोक्याची लक्षणे असतील तर लगेच. ती नसतील आणि सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही पायातील कळ झोपू देत नसेल, काम करू देत नसेल, तर सर्जनचा सल्ला घ्या. नेदरलँड्समधील २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावे लागले. म्हणजे थांबणे बहुतेकांसाठी सुरक्षित आहे, आणि शेवटी ऑपरेशन करावे लागले तर त्यात हार मानण्यासारखे काही नाही. ऑपरेशननंतरही त्याच गादीतून पुन्हा गर बाहेर येऊ शकतो, म्हणून व्यायाम तेव्हाही चुकत नाही.

घरच्यांनी रुग्णाला ‘हलू नकोस’ म्हणण्याऐवजी त्याच्यासोबत चालायला जावे. कळ कुठपर्यंत जाते, किती मिनिटे चालता येते आणि टाचांवर व चवड्यांवर चालता येते का, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवा. टाचांवर किंवा चवड्यांवर चालणे जमेनासे झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एरवी पुढच्या भेटीला जाताना ती वही सोबत न्या.