हृदयाचा इको आणि रक्ताच्या गुठळ्या (कुत्र्यांतील)

ध्वनिलहरींनी धडधडत्या हृदयाचे हलते चित्र पाहण्याची तपासणी म्हणजे इकोकार्डिओग्राफी. दवाखान्यात नुसता ‘इको’. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली माणसाच्या हृदयावर ती प्रथम केली. पशुवैद्यकात ती रुळली तेव्हा गुठळ्यांबद्दलचे माणसांचे आणि मांजरांचे आडाखेही तिच्यासोबत आले. कुत्रा त्यांत नीट बसत नाही.

डाव्या कर्णिकेचेच पाहा. मांजराच्या हृदयाचा स्नायू जाड झाला की ही कर्णिका फुगते, रक्त तिच्यात रेंगाळते आणि पडद्यावर धुराचे लोट फिरताना दिसतात. मंदावलेल्या प्रवाहात एकमेकींना चिकटलेल्या तांबड्या पेशींच्या चळतींचा हा धूर. तिथून सुटलेली गुठळी महाधमनीच्या शेवटच्या फाट्यावर अडकते आणि मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे पडतात. म्हणूनच मांजरात असा धूर दिसताच डॉक्टर सावध होतात.

कुत्र्यातही फुगलेली डावी कर्णिका नेहमीची. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, डॅशहुंड अशा लहान जातींत वयोमानाने मायट्रल झडप जाड होऊन गळू लागते. कर्णिकेचे माप महाधमनीच्या १.६ पट झाले आणि डावी जवनिकाही वाढली, तर लक्षणे नसतानाही पिमोबेंडन हे हृदयाचे औषध सुरू करतात. ३६० कुत्र्यांवरच्या ‘एपिक’ चाचणीने २०१६ मध्ये त्याला आधार दिला. पण एवढ्या मोठ्या कर्णिकेतही गुठळी विरळाच. गळक्या झडपेतून दर ठोक्याला उलटा येणारा फवारा तिथले रक्त घुसळत ठेवतो, हे त्याचे एक स्पष्टीकरण. क्वचित ताणलेली कर्णिकाच फाटते. तेव्हा साकळलेले रक्त दिसते ते बाहेर, हृदयावरणात.

कुत्र्यांतील गुठळ्यांचे मूळ बहुधा दुसरीकडेच असते: लघवीतून प्रथिने गमावणारी मूत्रपिंडे, कुशिंगचा आजार, कर्करोग. सर्वांत घातक म्हणजे शरीराने स्वतःच्याच तांबड्या पेशी नष्ट करण्याचा रक्तक्षय. त्यात फुप्फुसात अडकणाऱ्या गुठळ्या हे मृत्यूचे मोठे कारण आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्युरेटिव्ह’ मार्गदर्शक सूचना या रक्तक्षयात आणि प्रथिने गमावणाऱ्या मूत्रपिंडविकारात गुठळीविरोधी औषधे द्यायला सांगतात, इको कितीही स्वच्छ असला तरी. महाधमनीतली गुठळीही कुत्र्यात अनेकदा हळूहळू वाढते. फिरायला नेल्यावर मागचे पाय ओढणाऱ्या कुत्र्याला मग सांधेदुखीचे औषध मिळत राहते. ही गुठळी सापडते पोटाच्या सोनोग्राफीत.

मग इको कशाला? उजव्या बाजूसाठी. फुप्फुसातल्या वाहिन्या तुंबल्या की उजवी जवनिका फुगते, मधला पडदा डावीकडे चपटा होतो आणि ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग वाढतो. सेकंदाला ३.४ मीटर वेग म्हणजे दोन्ही कप्प्यांतील दाबाचा फरक सुमारे ४६ मिलिमीटर पारा. खुद्द गुठळी दिसेलच असे नाही. लहान असेल तर इको निर्दोषही येतो. हृदयकृमी मात्र फुप्फुसधमनीत दोन समांतर रेघांसारखे उठून दिसतात. भारतात हृदयकृमींचा रोग विशेषतः ईशान्येकडे आढळतो. औषधाने मेलेले कृमीच पुढे वाहिन्यांत अडकतात, म्हणून उपचारानंतर कित्येक आठवडे कुत्र्याला पळू द्यायचे नसते.

महाराष्ट्रात या हिशेबात गोचीडतापाची भर पडते. एर्लिकियाच्या संसर्गात रक्तातील प्लेटलेट घटतात, बबेसियाच्या संसर्गात तांबड्या पेशी फुटतात. एकाच कुत्र्यात दोन्ही असू शकतात. अशा रुग्णाला क्लोपिडोग्रेलसारखे गुठळीविरोधी औषध देण्याआधी प्लेटलेटची मोजणी लागते, कारण तिथे गुठळीइतकीच भीती रक्तस्रावाचीही असते.