आरोग्यपच्चा: अर्ध्या वाट्याचा इतिहास

डिसेंबर १९८७. दक्षिण केरळातील अगस्त्यमलाईच्या डोंगरांत पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचे पथक फिरत होते. चढणीवर त्यांची दमछाक होई. कानी या आदिवासी जमातीचे वाटाडे मात्र एका रोपट्याची फळे खात ताजेतवाने राहत. विचारल्यावर त्यांनी आढेवेढे घेतले, कारण हे ज्ञान जमातीबाहेर न्यायचे नव्हते. अखेर नाव कळले: आरोग्यपच्चा.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने पुढे या वनस्पतीचा अभ्यास केला. तिची पाने, अश्वगंधा, पिंपळी व विष्णुक्रांता यांपासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांचा परवाना मिळाला: दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन. संस्थेने त्यातील निम्मा वाटा कानींना देऊ केला. भारताचा जैविक विविधता कायदा २००२ चा; म्हणजे हा निर्णय घेताना देशात तशी कायदेशीर सक्तीच नव्हती. याचे श्रेय संस्थेला द्यायलाच हवे.

पण वाटा कोणत्या कानींना? वस्त्या विखुरलेल्या, वाटाडे एका भागातले. औषधोपचाराचे ज्ञान परंपरेने ‘प्लाथी’ या वैद्यांकडे असे, आणि त्यांच्यापैकी काहींनी १९९५ मध्ये हे ज्ञान खाजगी कंपनीला देण्याविरुद्ध मुख्यमंत्र्यांकडे लेखी हरकत घेतली. कानींचा न्यास नोंदवला गेला १९९७ मध्ये. त्याच्या खात्यात पाच लाखांहून थोडी अधिक रक्कम पोहोचली ती १९९९ मध्ये.

खरी अडचण मात्र रानातच होती. औषधाला सतत पाने हवीत, आणि नैसर्गिक अधिवासाबाहेर वाढवलेल्या रोपांत अपेक्षित गुण उतरत नाहीत, असे संशोधकांचे म्हणणे होते. कानींनी जंगलात लागवड सुरू केली, तेव्हा वनखात्याने हरकत घेतली. ज्यांच्या ज्ञानाला स्वामित्वधन मिळत होते, त्यांना तीच पाने तोडून विकण्याची मुभा नव्हती! पुरवठा आटला, आणि विक्रीवर ठरलेले दोन टक्केही आटले. परदेशात पेटंट घेतलेले नव्हते. पुढे अमेरिकेतील एका कंपनीने ‘जीवनी’ हे नाव आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले.

२०२३ च्या दुरुस्तीने भारताच्या कायद्यात ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ वापरणाऱ्यांना लाभवाटणीतून सूट मिळाली आहे. अश्वगंधा आणि पिंपळी आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत. आरोग्यपच्चाचे ज्ञान मात्र कानींच्या तोंडी परंपरेतून आलेले आहे.