हिरवळ : अवर्षणप्रवण प्रदेशातील ऋतुमानानुसार निगा

शोभेसाठी किंवा खेळासाठी राखलेले आणि वेळोवेळी कातरून सारख्या उंचीचे ठेवलेले दाट तृणाच्छादन म्हणजे हिरवळ. प्रस्तुत नोंदीत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील निमशुष्क पठाराचा, म्हणजे अहिल्यानगर व सोलापूर हे जिल्हे आणि पुणे, सातारा, सांगली या जिल्ह्यांचे पूर्वेकडील तालुके यांचाच विचार केला आहे. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून सरळ रेषेत १०० किलोमीटरही दूर नसलेल्या फलटण-माण भागात तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो, हे ध्यानात घेतले म्हणजे बारमाही हिरव्या गवताची जी कल्पना लष्करी छावण्यांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून इकडे रूढ झाली, ती या मुलखाला का मानवत नाही हे निराळे सांगावे लागत नाही.

या प्रदेशाला खरी सोसणारी जात म्हणजे हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन), अर्थात पूजेतील दूर्वा. शेतकरी जिला शेतातून हद्दपार करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडला, तिचाच चिवटपणा येथे उपयोगी पडतो. चैत्र-वैशाखात तिची पाने वाळून कडब्याच्या रंगाची होतात, आणि पुष्कळ मालक हिरवळ मेली असे समजून घाबऱ्या घाबऱ्या पाण्याचा मारा सुरू करतात. परंतु खुरप्याच्या टोकाने बोटभर माती उकरून पाहिली, तर खवल्यांनी वेढलेले, पांढरट, टणक भूमिगत खोड हाती लागते, आणि त्याच्या पेरावर नख लावले असता आत ओल दिसते. ही निद्रा आहे, मृत्यू नव्हे. १०० चौरस मीटर हिरवळ वैशाखात हिरवीगार ठेवायची, तर रोज ५ मिलिमीटर पाणी धरले तरी ५०० लिटर, म्हणजे महिन्याला १५,००० लिटर खर्ची पडते. ज्या तालुक्यात त्याच महिन्यांत वाड्यावस्त्यांवर टँकरच्या खेपा मोजून येतात, तेथे हा खर्च कोणत्याही न्यायाने समर्थनीय ठरत नाही. खोडे जिवंत राहण्यापुरते पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही सूर्योदयापूर्वी, द्यावे आणि पिवळेपण निमूटपणे स्वीकारावे.

नव्या लागवडीच्या जमिनीची मशागत मात्र याच उन्हात उरकावी. लव्हाळ्याच्या गाठी खणून वर काढल्या आणि त्या उन्हात पुरत्या सुकल्या, तरच त्यांचा निकाल लागतो. एरवी तो हिरवळीचा कायमचा वाटेकरी होतो. काळ्या चिकण मातीत पाणी तुंबते, म्हणून वाळू व कुजलेले शेणखत मिसळून किंचित उतार द्यावा. मृगाचा पाऊस स्थिरावताच हरळीच्या कांड्या वीतभर-अर्ध्या वीतभर अंतराने टोचाव्यात, किंवा गवताचे तुकडे, माती व शेण यांचा काला करून तो वाफ्यावर सारवावा. ही दुसरी रीत आपल्याकडील अंगण सारवण्याच्या रीतीशी इतकी मिळतीजुळती आहे, की घरातील जाणत्या बाईला ती शिकवावी लागत नाही.

पावसाळ्यात कातरणीचा शिरस्ता एकच : एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये. चुनखडीच्या जमिनीत गवत पिवळे पडले, तर ते नेहमीच नत्राच्या उणिवेमुळे नसते. लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि अशा वेळी हिराकशीची सौम्य फवारणी गुण देते. भाद्रपदात दूर्वांसाठी शेजारीपाजारी येतात, त्यांच्याकरिता एक कड न कातरता राखावी, हे लेखकाला आवश्यक वाटते.

हुमणीकडे विशेष लक्ष द्यावे. वळवाच्या पहिल्या सरींनंतर तिचे तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात. त्याच रात्री फांद्या हलवून ते पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. ही संधी हुकली, तर अळ्या मुळे कुरतडत राहतात, आणि पाऊस सरता सरता हिरवळीचा एखादा पट्टा हाताने ओढताच सतरंजीसारखा सुटून येतो.

सोलापूरकडे वर्षातील सर्वांत मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात होतो, म्हणून उत्तरा-हस्ताच्या ओलीवर चाळलेली माती व शेणखत यांचा पातळ थर देऊन खळगे बुजवावेत. थंडीत हरळीची वाढ मंदावते. नत्र बंद करावे आणि पाणी, पावलांचे ठसे गवतावर तसेच राहू लागले, म्हणजेच द्यावे. फाल्गुनात शेवटची कातरणी करताना उंची पाच सेंटिमीटरांवर ठेवावी, कापलेले गवत मुळांवर सावलीसाठी तसेच पसरू द्यावे, आणि यंत्राच्या पात्याला तेल लावून ते मृगापर्यंत उचलून ठेवावे.