दुसरा एम आणि बाभळीचं बूच

वर्षातून दोन-तीनदा मोबाइलवर एक मेसेज फिरत येतो. महिंद्रा अँड महिंद्रा ही कंपनी मुळात महिंद्रा अँड मोहम्मद होती म्हणे. आपल्या लोकांच्या ग्रुपवर तो अभिमानाने येतो, दुसऱ्या ग्रुपवर टोमणा म्हणून. गोष्ट खरी आहे. पण तो मेसेज वाचला की मला मंगळवेढ्यातली एक जुनी पेट्रोल जीप आठवते. गरम झाली की ती स्लोवर यायचं नाव घेत नसे.

आधी मेसेजचं बघू. 2 ऑक्टोबर 1945 रोजी लुधियान्यात जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, हिशेबात मुरलेले सरकारी अधिकारी. फाळणी झाली आणि ते कराचीला गेले, पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये इकडे कंपनीचं नाव बदललं. कागदांवर एम अँड एम छापून झालं होतं, म्हणून दुसऱ्या एमच्या जागी पुन्हा महिंद्राच बसवलं, असं सांगतात.

यात मिरवण्यासारखं किती आहे? जीपचं श्रेय तरी त्यांना देता येत नाही. युद्धकाळात कैलासचंद्र अमेरिकेत भारताच्या खरेदी मिशनचे प्रमुख होते. तिथे जीपच्या इंजिनाचा कर्ता बार्नी रूस त्यांना भेटला आणि तिथून हा विचार पुढे गेला. माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा गुलाम मोहम्मद दुसऱ्या देशाचा अर्थसंकल्प मांडत होते. पुढे 1951 मध्ये ते गव्हर्नर जनरल झाले आणि 1954 मध्ये त्यांनी तिथली संविधान सभाच बरखास्त केली. अशा माणसाचा अभिमान मला तरी बाळगता येत नाही. आणि टोमणा मारणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की ते गेले, आम्ही इथेच आहोत.

1948 हे साल आमच्या भागालाही जड गेलं. मंगळवेढा तोवर सांगली संस्थानात होतं. मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. सप्टेंबरात शेजारच्या हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांबद्दल घरातली म्हातारी माणसं कमीच बोलत. कोण गेलं, कोण राहिलं, याचा हिशेब कुणी लिहून ठेवला नाही. राहिलेल्यांतले काही पुढे ट्रकवर क्लीनर झाले, क्लीनरचे मिस्त्री झाले.

अशाच एका मिस्त्रीकडे मामूंनी आपली जीप नेली. मी शाळेत होतो, सुट्टीला आलेलो. मामू पंढरपूर रस्त्यावर वडाप करत. सकाळी थंड असताना जीप नीट चाले. दोन खेपा झाल्या की स्टँडवर उभी असतानाही आपोआप रेस घेई. पहिला गिअर टाकताना खर्रकन आवाज येई आणि पेट्रोल तर नुसतं वाहून जाई. पेट्रोल परवडेना म्हणून लोक जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेत होते, मामूंकडे तेवढे पैसे नव्हते. आधी एका गॅरेजवाल्याने स्लोचा स्क्रू सोडून दिला होता. झालं काय, तर सकाळी गाडी बंद पडू लागली आणि दुपारी रेस होतीच.

मिस्त्रींनी स्क्रूला हातच लावला नाही. इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवलं, चहा घेतला. मग चोकची तार पाहिली. चोक अर्धवट अडकला तर त्याची कडी बटरफ्लाय थोडी उघडी धरून ठेवते आणि गाडी गरम झाल्यावरही रेस राहते. चोक मोकळा होता. ॲक्सिलेटरची दांडी काढून ठेवली. स्प्रिंग बटरफ्लायला पूर्ण मागे आणत होती. रेस तशीच. मग एअर क्लीनरचा पाइप काढून त्यांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. श्वास कोंडला की इंजिन बंद पडायला हवं. ते अडखळलं, थरथरलं, पण बंद पडलं नाही.

"हवा कहाँ से तो भी आ री," ते म्हणाले.

आता मला कळतं, की सगळा मुद्दा त्या एका वाक्यात होता. स्लोवर असताना बटरफ्लाय जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन तिच्याखाली जोरात ओढ घेत असतं. तिथे कुठेही भेग मिळाली तरी बाहेरची हवा आत शिरते, बटरफ्लाय थोडी उघडी राहिल्यासारखं होतं आणि इंजिन पळू लागतं. वर कितीही स्क्रू फिरवा, खालून येणारी हवा त्याला जुमानत नाही.

मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या बुडाशी पॅकिंगच्या कडेला बोटाने ग्रीस थापलं. रेस उतरली नाही, म्हणजे पॅकिंग ठीक. बटरफ्लायच्या स्पिंडलच्या दोन्ही टोकांना तेल सोडलं. आवाज किंचित बदलला. "घिसी है, लेकिन चोर ये नहीं." मग त्यांनी इंजिनातून निघालेली एक आखूड नळी चिमटीत धरली आणि रेस एकदम खाली आली. नळीच्या टोकात लाकडाचं बूच होतं.

जुन्या जीपचा वायपर विजेवर नाही, इंजिनाच्या त्याच ओढीवर चाले. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचा कोरडा मुलूख, पाऊस मोजका. कधीतरी वायपर बिघडला, तो काढून टाकला आणि नळीत बाभळीचं बूच ठोकलं. कुणी? मामू मान खाली घालून हसले. बूच उन्हातान्हात सुकून आक्रसलं होतं. सकाळी गार रबरी नळी त्याला घट्ट धरे, चोकही ओढलेला असे, त्यामुळे दोष झाकला जाई. इंजिन तापलं, नळी सैल पडली, की फट उघडी.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुसलमान ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांत वाहनदुरुस्तीही आहे. तिथे ती मागासलेपणाची खूण म्हणून येते: नोकरी नाही, विमा नाही, कागद नाही. ते बरोबरच आहे, त्या मिस्त्रींकडेही यातलं काही नव्हतं. पण तळहात तोंडावर दाबून दोष वर आहे की खाली हे दोन क्षणांत वेगळं करण्याचं डोकं अहवालाच्या कुठल्या रकान्यात बसवायचं? पुढे कार्बोरेटरच गेले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि नव्या मोटारसायकलींतूनही ते जवळपास संपले. मिस्त्रींचा मुलगा आता संगणकाची वायर जोडून दोष वाचतो.

त्या दिवशी मिस्त्रींनी बूच काढलं, नळीत मापाचा बोल्ट घातला, वर क्लिप आवळली. मग कुठे स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि आधीच्या माणसाने सोडलेला स्क्रू सव्वा फेरा आत घेतला. मामूंनी मजुरी विचारली. त्यांनी बोल्टचे पैसे घेतले आणि बाभळीचं बूच मामूंच्या हातात ठेवलं.