हाक आणि ओ

दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यात नवा कापूस घरात येऊ लागतो आणि सेलू-मानवतकडच्या बाजारांची वाट गाड्यांनी भरून जाते. आता भुईकाट्यावर गाडी चढली की वजनाचा आकडा थेट संगणकाच्या पडद्यावर उमटतो. वर्षभराचे कष्ट त्या एका आकड्यात उतरतात. ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत काही उगीच रुजला नाही! म्हणून काटा व संगणक यांच्यामधल्या तारेची कुळकथा आज सांगावीशी वाटते.

तिचा मूळपुरुष म्हणजे तारायंत्र. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर परभणी आली ती निजामाच्या राज्यात. आगगाडी तेथे तारेची खूण घेऊनच येई. एका तारेवरून खुणा एकामागून एक जात. तारबाबू आधी पलीकडे हाक देई आणि ‘ओ’ आली म्हणजेच मजकूर पाठवी. १८७४ साली फ्रान्समध्ये बोदो यांनी प्रत्येक अक्षराला पाच खुणांचा साचा दिला. त्यांच्या नावावरूनच या वहनाचा वेग आजही ‘बॉड’मध्ये मोजतात.

पुढे १९६० साली अमेरिकेत या जोडणीचे ‘आरएस-२३२’ हे मानक ठरले. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला, त्यात हेच दार ‘सिरियल पोर्ट’ म्हणून बसले. तो संगणक सुरू होताच दोन ठराविक पत्त्यांवर टकटक करी आणि जे दार प्रतिसाद देई त्याचा पत्ता स्मृतीतल्या नेमलेल्या जागी टिपून ठेवी. आज्ञावली लिहिणाऱ्याने ती टिपणी वाचली की काम भागे.

१९९६ साली यूएसबी आले आणि हा सरळपणा संपला. आता दारे जागा बदलतात. जोडणी दुसऱ्या भोकात खुपसली की कालचा ‘कॉम ३’ आज ‘कॉम ५’ होऊ शकतो. विंडोज आपल्या नोंदवहीत ‘सिरियलकॉम’ या सदराखाली पोर्टांची यादी ठेवते. लिनक्समध्ये तीच नावे ‘टीटीवाय’ने सुरू होतात. हे टीटीवाय म्हणजे जुन्या टेलिटाइप यंत्राचे लघुरूप. तारबाबूचा वंश असा आजही नांदतो आहे!

मात्र यादीत नाव असणे निराळे आणि दारामागे कोणी असणे निराळे. माझ्या मते सारी मेख येथेच आहे. आज्ञावलीत ‘कॉम ३’ असे कायमचे कोरून ठेवले, तर एके दिवशी आकडा येत नाही. मग रांग वाढते, कोणीतरी वजन हाताने लिहू लागतो आणि शंकेला जागा मिळते. म्हणून प्रत्येक वेळी यादी नव्याने मागावी. एकेक दार उघडून पाहावे. दुसऱ्या आज्ञावलीने धरलेले दार उघडणार नाही, ते सोडून पुढे जावे. उघडले तर काट्याच्या वेगाने क्षणभर ऐकावे. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे येतात, तेव्हा फार थांबावे लागत नाही. वजनाची ओळ नीट वाचता आली, तरच तो काटा समजावा.

आणि कोणीच ‘ओ’ दिली नाही, तर? ‘काटा सापडला नाही’ असे पडद्यावर सर्वांना दिसेल असे लिहावे. जुना आकडा मुकाट्याने दाखवू नये. हाकेला उत्तर आल्यावाचून तारबाबू मजकूर पाठवीत नसे. दाराशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे आपल्या यंत्रांकडे तेवढेच मागणे आहे.