नदीकाठचा प्लॉट: खरेदीखत झालं म्हणजे घर बांधता येतं का?

हिंगोली : जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. असं काही घडलं की पारावर एकच प्रश्न निघतो, नदीच्या पात्राला लागून प्लॉट पाडू देतंच कोण? कयाधू, पैनगंगा आणि पूर्णा काठच्या गावांसाठी याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

तुकडेबंदी कायदा १९४७ चा. तो शेतीसाठी आहे. जमिनीचा तुकडा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान होऊ नये, एवढंच तो बघतो; तिथं पाणी चढतं का, हे बघत नाही. म्हणजे दर पावसाळ्यात बुडणारं दोन एकर रान त्याला चालतं, माळावरचे दोन गुंठे मात्र खटकतात.

त्यातही अधिकाऱ्यांचे हात किती लांब, याला मर्यादा आहे. नोंदणी महानिरीक्षकांनी १२ जुलै २०२१ ला परिपत्रक काढून अशा तुकड्यांचे दस्त नोंदवणं थांबवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ ला ते परिपत्रक रद्द केलं, सोबत नोंदणी नियम ४४(१)(आय) सुद्धा. प्रकरण पुराचं नव्हतं. पण मुद्दा इथंही लागू पडतो : परिपत्रक किंवा नियम मूळ कायद्याच्या पुढे जाऊ शकत नाही.

मग पुरासाठी कायदा कुठला? पूरप्रवण जमिनीच्या वापराबाबत केंद्राने १९७५ मध्ये नमुना विधेयक राज्यांना पाठवलं. पाणी आणि जमीन हे राज्यांचे विषय, त्यामुळे निर्णय राज्यांवरच राहिला. मणिपूर, राजस्थानने कायदा केला. आपल्याकडे काम चालतं ते १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यावर आणि २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीवर.

या नियमावलीत जलसंपदा विभागाने आखलेल्या दोन रेषा महत्त्वाच्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात घर बांधायला मनाई. बाग, पार्किंग, स्मशानभूमी असे मोजके वापर चालतात. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम होऊ शकतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर.

खरी गोची पुढे आहे. या रेषा नकाशावर असतील तरच त्यांचा आधार घेता येतो. जिथं पूररेषा आखलेलीच नाही, तिथं "आमच्या आठवणीत इथं कमरेएवढं पाणी होतं" एवढ्यावर परवानगी नाकारली तर तो आदेश अपिलात टिकवणं अवघड जातं. गावकऱ्यांची आठवण खरी असते, पण नकाशा लागतो.

दुसरी मर्यादा मालकीची. राज्यघटनेच्या कलम ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. पूररेषेमुळे बांधकामावर बंधन येतं, सातबारावरचं नाव जात नाही. पेरणी करता येते, विकताही येते. पण पालिकेने नदीकाठची जागा बागेसाठी आरक्षित केली तर ती संपादित करावी लागते, म्हणजे मोबदला आला. १० वर्षांत ते झालं नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं.

म्हणून इसार देण्याआधी गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयात मंजूर लेआउट पाहा आणि पाटबंधारे कार्यालयात पूररेषेचा नकाशा मागा. माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. विकणारा "एनए होऊन जाईल" म्हणत असेल, तर आदेशाची प्रत हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. दस्त नोंदला जाणं आणि बांधकामाला परवानगी मिळणं, ही दोन वेगळी कामं आहेत.